दुसरी जिल्द

त्या वर्षी आडतीवर माल येणंच बंद झालं. लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. कलेक्टर कचेरीच्या नव्या पाट्या लागल्या होत्या, उस्मानाबादचे खेटे वाचले म्हणून लोक खूश होते. पण पावसाला नव्या जिल्ह्याचं काही कौतुक नव्हतं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी त्यानं पाठ फिरवली. तूर करपली, करडई गेली, भुईमूग तर कुणी पेरलाच नाही. दालमिली थंड पडल्या. मडिवाळप्पांच्या आडत दुकानात काटा रिकामा लोंबत राहिला आणि हमाल पाझर तलावाच्या कामावर निघून गेले.

मडिवाळप्पा साठी ओलांडलेले, अंगानं थोराड, कपाळाला विभूती, आणि बोलायला फार कमी. दुपारी घरी यायचं, जेवायचं, हात धुऊन लगेच दुकान गाठायचं, हा त्यांचा उभ्या जन्माचा शिरस्ता. त्या वर्षी ते जेवल्यावर माजघरातच टेकू लागले. दुकान मुलगा गुरुपादप्पा बघत होता. बघण्यासारखं तिथं काही नसलं तरी.

याची खरी अडचण झाली ती सुनेची. जगदेवी मुरुडची, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. दुपारची ती घटका तिची एकटीची होती. सासू सिद्धम्मा जरा आडव्या होत, आणि ही माजघराच्या खिडकीशी पुस्तक घेऊन बसे. ऐतिहासिक कादंबऱ्यांचं तिला वेड होतं. किल्ले, वेढे, भुयारं, फितुरी, अंधारात तटाला लागलेले दोर. नवरा वाचनालयातून पुस्तकं आणून द्यायचा. त्याला स्वतःला वाचनाचा गंध नव्हता, पण मुखपृष्ठावर तलवार दिसली की ते आणायचं, एवढं त्याला पाठ झालं होतं.

आता खिडकीशी सासरे बसायचे. त्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. काही सांगायचं झालं तर सासूच्या नाहीतर नवऱ्याच्या तोंडून. जगदेवीनं आपलं पुस्तक उचललं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बस्तान हलवलं. तिथं उजेड कमी होता, पण चालून जात होतं.

सासरेही काहीतरी वाचत होते, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. जाडजूड पुस्तक, तांबूस पडलेली पानं, आणि ते उघडायचं उलट्या बाजूनं. तिला वाटलं, निजामाच्या काळातले आडतीचे कसले तरी कागद असतील. पण मग ते मधूनच गालात हसत कशाला होते?

एके दिवशी तिच्या पुस्तकातला किल्लेदार मेला. मराठवाड्यातल्याच एका जुन्या किल्ल्याची ती कादंबरी होती. ती वाचनालयाची नव्हती; गुरुपादप्पानं तिला संक्रांतीला विकत आणून दिली होती. किल्लेदाराच्या छातीत बाण लागला आणि वेढा ऐन भरात असताना त्यानं बायकोच्या मांडीवर डोकं टेकलं. जगदेवीच्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "आगं आई गं! आता वो?"

मडिवाळप्पांनी दचकून मान वर केली. "काय झालं, सूनबाई? भाजलं का काय?"

तिनं पदर सावरला. उत्तर द्यायला मधे कुणीच नव्हतं. सासूबाई घोरत होत्या. "न्हाई, मामंजी. किल्लेदार गेला."

"कुठला किल्लेदार?"

"पुस्तकातला."

ते हसतील असं तिला वाटलं. ते हसले नाहीत. हातातलं पुस्तक त्यांनी मांडीवर पालथं घातलं. "मग किल्ला कोण सांभाळून राहिलं आता?"

प्रश्न बरोबर होता. तिलाही तोच पडला होता. तिनं उंबऱ्यातूनच सांगायला सुरुवात केली. किल्लेदाराची बायको लाखाई. नवरा गेल्याचं तिनं कुणाला कळूच दिलं नाही. त्याचा अंगरखा चढवून, डोईला त्याचंच मुंडासं बांधून ती रोज सांजेला सज्जात बसायची, म्हणजे खालच्या फौजेला वाटावं की किल्लेदार जित्ता आहे. सांगता सांगता जगदेवी कधी उंबरा ओलांडून आत येऊन बसली, तिचं तिलाच कळलं नाही.

मडिवाळप्पा व्यापारी माणूस. त्यांना शंका फार. "किल्ल्यात माणसं किती? धान्य कुठलं? उन्हाळाभर तग धरायचा म्हणजे पाणी कुठून आणलं त्या बाईनं?"

"टाकं होतं, मामंजी. खडकात खोदलेलं."

"टाकं म्हणे! हितं अख्ख्या लातूरला पाणी पुरंना झालंय."

पण दुसऱ्या दिवशी ताटावरून उठल्या उठल्या त्यांनीच विचारलं, "मग? ओळखलं का कुणी तिला?"

अशी सुरुवात झाली. तीन-चार दिवसांनी जगदेवीनंही धीर केला. "मामंजी, तुमी काय वाचून राहिलात सध्या?"

मडिवाळप्पा जरा संकोचले. मग पुस्तक तिच्याकडे वळवलं. उर्दू होतं. त्यांची सगळी शाळा उर्दूतच झालेली. मराठी सहीपुरती आणि दुकानापुरती, ती मागाहून शिकलेली. "दास्तान हाय ही," ते म्हणाले. "जादूची. मोठ्या माणसानं वाचावी अशी न्हाई म्हणत्यात. मला आवडती."

आणि त्यांनी वाचायला घेतलं. एक ओळ उर्दूत, मग तीच आपल्या बोलीत.

जगदेवीनं त्या घरात आठ वर्षं काढली होती. सासऱ्याचा आवाज म्हणजे ‘हाव’, ‘न्हाई’, ‘बघू’, एवढाच तिला माहीत. या आवाजाला वळणं होती, चढउतार होता. घोडा आला की तो आवाज दौडायचा, राणी आली की गार पडायचा. ती कथा एका शहराची होती. त्या शहरात एका जादूगार राणीचा हुकूम चालायचा : जो खोटं बोलेल तो दिवस मावळायच्या आत पोपट होईल. बाजारात दुकानं उघडी, तराजू टांगलेले, आणि गादीवर शेठजींच्या जागी पोपट बसलेले. त्या शहरात नौरंग नावाचा एक हरकारा निरोप घेऊन येतो. त्याच्याकडे एक गुपित असतं : राणी जिच्या जिवावर उठली आहे ती पोरगी त्यानं आपल्या घरात लपवलेली. ते गुपित सांगायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही, या कात्रीत तो गल्लोगल्ली फिरतो.

"अगाई!" जगदेवी म्हणाली. "आपल्या आडत बाजारात असं झालं तर?"

मडिवाळप्पा एवढे हसले की ठसका लागला. "सौदा करायला माणूस उरायचा न्हाई. नुस्ता किलबिलाट."

मग तिला एकदम आठवलं. "मामंजी, एक बोलू का? तुमचा माणूस पोपट होतो ते तुमाला चालतं. अन् माझ्या लाखाईचं टाक्यातलं पाणी का चालंना?"

मडिवाळप्पांनी क्षणभर तिच्याकडं बघितलं आणि दोन्ही हात जोडले. "घे बाई. घे तुझं टाकं. भरून वाहू दे."

दुपारची वाट बघणं सुरू झालं. एक दिवस किल्ला, एक दिवस पोपटांचं शहर. गल्लीत आठवड्यातून एकदा टँकर यायचा. त्याची वाट बघत बायका घागरी, बादल्या, डबे मांडून तासन्‌तास उभ्या असत. तिथं जगदेवीनं नौरंगची गोष्ट शेजारच्या मल्लम्माला सांगितली. मल्लम्मानं ती पुढं सरकवली. पुढच्या खेपेला रांगेतल्या बायकाच विचारू लागल्या, "जगदेवी, त्या हरकाऱ्याचं काय झालं गं?" रांगेत घागर पुढं घेण्यावरून भांडणं व्हायची, ती त्या दिवशी जरा कमी झाली. कुणी खोटं बोललं की दुसरी म्हणायची, "झाला बग पोपट."

मल्लम्मा दुपारी येऊन बसू लागली. समोरच्या खोलीत राहणारा भुजंगही सुटीच्या दिवशी यायचा. नव्या कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून लागलेला, नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्याचा हा अविवाहित माणूस. त्यालाही वाचायचा नाद होता. जगदेवीची जुनी पुस्तकं तो नेऊन वाचायचा आणि परत देताना दारातच उभा राहून अर्धा तास बोलायचा.

फक्त सिद्धम्मा कधी बसल्या नाहीत. पूर्वी त्या दुपारी झोपायच्या; आता झोपत नव्हत्या. स्वयंपाकघरात काहीतरी काम काढायच्या. माजघरात आवाज रंगात आला की आत एखादं पातेलं आपटायचं. जगदेवीला वाटायचं, सुनेनं सासऱ्याशी बोलणं सासूबाईंना रुचत नसावं.

एक दिवस मडिवाळप्पांनी एका पोपटाच्या बायकोचं वर्णन वाचलं. ती रोज पिंजऱ्यासमोर बसून नवऱ्याशी बोलते आणि पिंजऱ्यातून काही उत्तर येत नाही. मल्लम्मानं डोळे पुसले. तेवढ्यात सिद्धम्मा दारात येऊन उभ्या राहिल्या. हाताला पीठ तसंच.

"मला काय रडू येत न्हाई त्याचं," त्या म्हणाल्या. "मी तशीच राहिले की. चाळीस वर्षं झाली लग्नाला. ह्या माणसानं मला कधी एक गोष्ट सांगितली न्हाई. मीठ कमी हाय, एवढं सांगितलं. मला वाटायचं, ह्यांना बोलताच येत न्हाई लई. अन् हितं बगावं तर काय, नदी वाहून राहिली."

त्या आत निघून गेल्या. मल्लम्मा हळूच उठून घरी गेली. मडिवाळप्पांनी पुस्तक मिटलं.

पुढं काही दिवस त्यांनी ते उघडलंच नाही. जेवण झालं की टोपी घालून रिकाम्या दुकानात जाऊन बसायचे. जगदेवी पुन्हा खिडकीशी बसू लागली. जागा मिळाली, उजेड मिळाला, पण लाखाईचं पान पुढं सरकेना. एखादा प्रसंग आला की तिची मान आपोआप वर व्हायची. कुणाला सांगावं?

मग एका दुपारी मडिवाळप्पा जेवून उठले आणि टोपी खुंटीवरच राहू दिली. पुस्तक काखेत मारून ते थेट स्वयंपाकघरात गेले. सिद्धम्मा डाळ निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. मडिवाळप्पांनी पाट ओढला आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. जगदेवी माजघरातून बघत होती.

"हे पुस्तक मी हैदराबादला घेतलं," ते म्हणाले. "आपलं लग्न झालं त्याच साली. तुला वाचून दाखवावं असंच मनात होतं. तवर पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज गेलं. आपल्यासारख्याच्या घरात उर्दूचं पुस्तक म्हणजे लोक कसं बघायचे, तुला ठावं हाय. आमच्या वडलांनी समदी पुस्तकं जाळायला सांगितली होती. हे एवढं मी पेटीत खाली घातलं. मग ते तिथंच राहिलं. माझं बोलणंबी तिथंच राहिलं म्हण."

सिद्धम्मांची बोटं डाळीत थांबली. "मग आता सांगायला काय अडलंय?"

"काय न्हाई. पहिल्यापासून घेतो."

आणि खरंच त्यांनी पहिल्या पानापासून घेतलं. जगदेवीला ते सगळं ठाऊक होतं, तरी ती दाराआड उभी राहून ऐकत राहिली, कारण या खेपेला वाचणं वेगळंच होतं. मधेच थांबून ते विचारायचे, "समजून राहिलं का?" आणि सिद्धम्मा म्हणायच्या, "मला उर्दू कळतं. मराठीत कशाला सांगता? लवकर पुढं चला." त्यांचं माहेर उदगीरच्या बाजारपेठेतलं. लहानपणापासून कानडी, मराठी आणि दखनी उर्दू अशा तिन्ही बोली त्यांच्या कानावर पडलेल्या. मडिवाळप्पांना चाळीस वर्षांत हेही कळलं नव्हतं.

गोष्टीत जगदेवी जिथवर आली होती तिथवर सिद्धम्मा पोचल्या, तेव्हा सगळे पुन्हा माजघरात एकत्र बसू लागले. आता मधली जागा सिद्धम्मांची होती.

आणि मग तो दिवस आला. राणीनं नौरंगला दरबारात उभं केलं. तिनं विचारलं, "ती पोरगी तुझ्या घरात आहे की नाही?" आहे म्हणावं तर पोरीचा जीव जातो. नाही म्हणावं तर हा पोपट होतो. सगळा दरबार श्वास रोखून बसलेला. नौरंगनं तोंड उघडलं...

मडिवाळप्पा थांबले. त्यांनी पान उलटलं. मग पुढचं कोरं पान सगळ्यांना दाखवलं.

"काय झालं?" भुजंगनं विचारलं.

"लिहिलंय की, बाकी हाल दूसरी जिल्द में."

"दुसऱ्या जिल्ह्यात?" सिद्धम्मा म्हणाल्या. "म्हणजे काय, आता उस्मानाबादला जावं लागतं का काय?"

हसून हसून मल्लम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. बाजारातल्या दखनीत हा पुस्तकी शब्द नव्हता; जिल्द म्हणजे भाग, दुसरं पुस्तक, असं मडिवाळप्पांनी समजावलं. ते मात्र हसत नव्हते. "दुसरी जिल्द तवा छापून आली नव्हती. मग माझं हैदराबादला जाणंच सुटलं. पुढं काय झालं, मलाबी ठाऊक न्हाई. चाळीस वर्षं तो गडी दरबारात तोंड उघडून उभा हाय."

टँकरच्या रांगेत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. जिला तिला वाटेल तसं उत्तर. मल्लम्मा म्हणाली, तो गप्पच राहील. भुजंग म्हणाला, "आमच्या कचेरीत असता तर ‘माहिती घेऊन कळवतो’ म्हणाला असता, खरंबी न्हाई, खोटंबी न्हाई." जगदेवीला वाटत होतं, ती पोरगीच पुढं येऊन स्वतःचं नाव सांगेल, लाखाईनं तसंच केलं असतं. सिद्धम्मा म्हणाल्या, "होऊ दे की पोपट. पोपटाला कोण प्रश्न इचारतं?"

भुजंग गावी जाऊन आला तो बातमी घेऊनच. नांदेडला जुन्या वस्तीत एक लहानसं उर्दू वाचनालय होतं. वाटेत उतरून त्यानं चौकशी केली होती. दुसरी जिल्द तिथं होती. "पण ते म्हातारे साहेब पुस्तक बाहेर देत न्हाईत. हितं बसून वाचा म्हणत्यात."

"मग बसू की तिथं," सिद्धम्मा म्हणाल्या.

गुरुपादप्पानं आधी थट्टा केली. एका पुस्तकापायी दुष्काळात तिघं एसटीनं नांदेडला? पण आईचा चेहरा बघून तो पहाटे तिघांना स्टँडवर सोडायला स्वतः आला. सिद्धम्मांनी धपाटे आणि शेंगांची चटणी बांधून घेतली होती. जगदेवीनं वाटेत वाचायला म्हणून लाखाईची कादंबरी पिशवीत टाकली. ती पुरी झाली होती, पण शेवट तिला पुन्हा वाचायचा होता. अहमदपूर, लोहा मागं पडलं. दोन्ही बाजूंना रानं भुईसपाट, ढेकळं उघडी. नांदेड आलं तेव्हा गोदावरीतसुद्धा वाळूच जास्त दिसत होती.

वाचनालय म्हणजे एक लांबट खोली, चार कपाटं आणि एक मेज. मेजामागं मुनीरसाहेब. उंच, किडकिडीत, मेंदी लावलेली दाढी. समोर विभूती लावलेला म्हातारा, हिरव्या इरकलीतली त्याची बायको आणि पदर घेतलेली सून बघून त्यांना वाटलं, ही मंडळी पत्ता चुकून आली. मडिवाळप्पांनी उर्दूत पुस्तकाचं नाव सांगितलं, तेव्हा त्यांच्या भुवया वर गेल्या.

"पहली पढ़े क्या आप?"

"पढ़ा. दो बार."

"कहां तक याद है?"

मडिवाळप्पांनी शेवटचा प्रसंग सांगितला. राणीचा प्रश्न जसाच्या तसा म्हणून दाखवला. मुनीरसाहेब मेजामागून उठून पुढं आले. "अरे बैठो, बैठो! ये किताब मांगनेवाला मैं बीस साल में देखा नै. बच्चे आते, पेपर पढ़ते, जाते." त्यांनी स्वतः खुर्च्या पुसल्या आणि माठातलं पाणी दिलं, त्या दिवसांत ते कुणी सहज देत नव्हतं. मग कपाटातून दुसरी जिल्द काढली. तिचे कोपरे वाळवीनं खाल्ले होते, मजकूर शाबूत होता.

"मैं पढ़ूं?" त्यांनी विचारलं. त्यांनाही राहवत नव्हतं.

आणि त्यांनी वाचलं. नौरंगनं तोंड उघडलं आणि दरबारात सगळ्यांदेखत तो खोटं बोलला. "नाही," तो म्हणाला. दिवस मावळायच्या आत त्याच्या हातांचे पंख झाले.

"म्हटलं न्हवतं मी!" सिद्धम्मांनी मांडीवर थाप मारली. "हो जाने दो बोली थी मैं. अब उसकू कोन पूछता?"

मुनीरसाहेबांनी पुस्तकातून मान वर केली. "अम्मा, आप तो मेरे से आगे हैं."

त्यांचं वाचणं मडिवाळप्पांसारखं नव्हतं. मडिवाळप्पा नदीसारखे, हे तबल्यासारखे. मडिवाळप्पा डोळे मिटून ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा ही दास्तान त्यांना दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायला मिळत होती. काही जागी त्यांचे ओठ हलायचे, काही जागी "वाह" निघायचं. जगदेवीला निम्मं कळत होतं, उरलेलं सासूबाई कानात सांगत होत्या.

दुपार कलली. पुस्तक पावही झालं नव्हतं आणि लातूरची गाडी धरायची होती. मडिवाळप्पांनी घसा खाकरला. "साहेब, आठ दिवसांसाठी द्याल का?"

मुनीरसाहेबांचा चेहरा उतरला. "देणार नै असं नै. पण गेलेली किताब वापस येत नै, जनाब. ये कपाट कभी पूरा भरा था."

सिद्धम्मा उठून पिशवी आवरू लागल्या, तेव्हा लाखाईची कादंबरी खाली पडली. मुनीरसाहेबांनी ती उचलली. मुखपृष्ठावर किल्ला होता, सज्जात मुंडासं बांधलेली आकृती. "ये कोन पढ़ता?"

"मी," जगदेवी म्हणाली.

"कशाबद्दल आहे?" त्यांनी स्वच्छ मराठीत विचारलं. नोकरी शाळेत झालेली, मराठी त्यांना वाचताही येत होतं.

परक्या पुरुषासमोर जगदेवी कधी बोलली नव्हती. पण तिनं सासऱ्यांकडं बघितलं आणि ते म्हणाले, "सांग की. मला सांगितलं तसं सांग."

तिनं सांगितलं. बाण, मांडीवर टेकलेलं डोकं, अंगरखा, सज्जातली सांज. खालच्या फौजेतला जुना तोफची, ज्यानं किल्लेदाराला पूर्वी जवळून बघितलेलं असतं आणि ज्याला संशय येतो. एका सांजेला तो सज्जाच्या अगदी खाली येऊन उभा राहतो आणि वर बघत किल्लेदाराला नावानं हाक मारतो. आता लाखाईनं आवाज दिला तर बाईचा आवाज कळणार. दिला नाही तर...

ती थांबली.

"फिर?" मुनीरसाहेब पुढं झुकले होते. "फिर क्या की वो औरत?"

"ते सांगणार न्हाई," जगदेवी म्हणाली. "वाचा तुमी."

मडिवाळप्पा मोठ्यानं हसले. मुनीरसाहेबांनी आधी तिच्याकडं, मग पुस्तकाकडं बघितलं आणि मग तेही हसू लागले. "बेटी, तू तो राणीसे बी जालिम निकली." त्यांनी दुसरी जिल्द जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली, सुतळी बांधली आणि तिच्या हातात ठेवली. "ही तुमच्याकडं. ही माझ्याकडं. वाचून झालं की या. पण एकेकटे येऊ नका. असेच तिघं या."

परतीच्या गाडीत पुडकं सिद्धम्मांच्या मांडीवर होतं. त्यांनी ते कुणाच्या हातात दिलं नाही.

दुसरी जिल्द घरात महिनाभर चालली. बाजार अजून बंदच होता. गुरुपादप्पासुद्धा दुकान लवकर मिटून येऊ लागला. ‘सहज आलो’ म्हणायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. पोपट झालेला नौरंग राणीच्याच पिंजऱ्यात राहिला. पोपट ऐकलं तेवढंच बोलतो. राणी एकटी असताना जे पुटपुटायची ते सगळं त्यानं ऐकलं, आणि भर दरबारात तिच्याच शब्दांत, तिच्याच आवाजात बोलून दाखवलं. सगळ्यात मोठं खोटं तिचंच होतं. सिद्धम्मांनी ते पान तीनदा वाचायला लावलं. टँकरच्या रांगेत ते त्यांनी स्वतः सांगितलं, राणीचा आवाज काढून. कमरेवर हात ठेवून उभ्या सासूबाईंकडं बघताना जगदेवीला वाटलं, या घरात तीन वाचणारे-सांगणारे होते आणि आठ वर्षं आपण पुस्तकं एकटीनंच वाचली.

पावसाळ्याच्या तोंडावर ते पुन्हा नांदेडला गेले. मुनीरसाहेब दारातच उभे होते. कादंबरी त्यांच्या हातात होती आणि ते रागावलेले होते.

"त्या तोफचीला का मारला?" शरणार्थ, सलाम असले नमस्कार राहिले बाजूला, त्यांनी थेट जगदेवीलाच धरलं. "तो भला माणूस होता. त्याला कळलं होतं आणि तरी तो गप्प राहिला. त्याला मारायची काय गरज?"

"तो गप्प राहिला म्हणूनच तर मारला त्याच्या सरदारानं. त्याच्यामुळंच किल्ला वाचला, साहेब."

"नै नै. लेखिका चुकली तिथं."

"लेखिका न्हाई चुकली. तुमी शेवटून दुसरं प्रकरण नीट वाचलं न्हाई."

"मी? मी दोन बार पढ़ा!"

मेजाच्या दोन बाजूंना बसून ते भांडू लागले. पानं उघडली, ओळी दाखवल्या. मुनीरसाहेब मधेच उठून कपाटातून दुसरीच एक दास्तान काढून आणत, आणि त्यातल्या कुठल्या पहारेकऱ्याशी त्या तोफचीची तुलना करत. जगदेवी म्हणाली, ती कुठली गोष्ट, आधी सांगा तरी. त्यांनी सांगायला घेतली. पेपर वाचायला आलेली दोन पोरं पेपर खाली ठेवून ऐकू लागली.

मधेच तिनं खिडकीतून बाहेर बघितलं. सासू-सासरे वाचनालयाच्या पायरीवर बसले होते. कुठल्याशा फेरीवाल्याकडून काकड्या घेतल्या होत्या, मधे चटणीची पुडी उघडी. मडिवाळप्पा हातवारे करत काहीतरी सांगत होते. पुस्तक नव्हतं हातात. सिद्धम्मांनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते.

"बेटी, ऐकतेस की नाही?" मुनीरसाहेबांनी मेजावर बोट आपटलं.

"ऐकून राहिले, साहेब," जगदेवी म्हणाली. "सांगा. पहारेकऱ्यानं दार उघडलं, मग?"